हरिकेन इंजिनचं पुस्तक: एफसी-१५० च्या कामाच्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

आजपासून वही घातली. गाडी महिंद्रा एफसी-१५०, म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल जीप ट्रक, आरसी बुकावर साल १९६८. आबांनी हिच्यातून वीस वर्षं गुळाचे रवे कागलकडून कोल्हापूरच्या मार्केट यार्डात नेले. तिच्या बरोबरीच्या बहुतेक गाड्यांत पुढे डिझेल इंजिन बसलं, आपल्या गाडीत मात्र मूळ पेट्रोल इंजिन अजून आहे. ते तसंच ठेवायचं, हे घरात ठरलेलं आहे.

गेल्या दिवाळीपासून रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात, चढाला दम नाही. आज चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन (प्रत्येक सिलिंडरातला दाब) घेतलं. पहिला ११२ पौंड, दुसरा ११०, तिसरा ६०, चौथा ६४. तिसऱ्या-चौथ्यात चमचाभर ऑइल घालून परत घेतलं, काटा तिथंच. पिस्टनच्या रिंगा गेल्या असत्या तर ऑइलनं थोडा वेळ तरी दाब वाढला असता. शेजारशेजारचे दोनच सिलिंडर बसलेत आणि पाण्यात बुडबुडे आहेत, म्हणजे दोघांमधलं ग्यासकिट (हेडखालची, दाब आणि पाणी अडवणारी पट्टी) जळलंय.

ऑइलचा दाब गरम इंजिनलाही चांगला होता. त्यामुळे चेंबर (खालचं ऑइलचं भांडं) खोलायचं नाही. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) काढायचं, वॉल्व बघायचे, परत बांधायचं. काम एवढंच.

९ जून, रविवार

काम एवढंच नाही.

मिस्त्रीमामा सकाळी आठला आले. या गाडीत इंजिन दोन सीटच्या मधे, पत्र्याच्या झाकणाखाली असतं. झाकण काढायचं आणि केबिनमध्ये गुडघ्यावर बसून काम करायचं. रॉकर (वॉल्व दाबणाऱ्या पट्ट्या) काढला, पुशरॉड (त्यांना खालून ढकलणाऱ्या कांड्या) पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमानं खोवून ठेवले. कार्बोरेटर हेडवरच बसतो, तो हेडसकटच उचलू असं ठरलं. दिसतील तेवढे सगळे हेड बोल्ट सुटले. हेड हलेना.

लाकडी ठोकळा ठेवून हातोडा मारून बघितला. पुढची बाजू केसभर उचलल्यासारखी वाटली, मधे घट्ट. मामा म्हणाले, "चिकटलंय बगा. पहार घालू काय? एका दणक्यात उठतंय."

मी नको म्हटलं. मामांचा हात डिझेलवर बसलेला आहे, किर्लोस्कर आणि टाटा ते डोळे मिटून बांधतात, त्यांच्याबद्दल मला शंका नाही. पण हे हेड बिडाचं आहे, आणि इनटेकची (पेट्रोल-हवा आत जाण्याची) वाट त्याच्यातच ओतलेली आहे. ते तडकलं तर दुसरं कुठून आणणार? या इंजिनवर काम केलेला आबांचा मिस्त्री आता हयात नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक २००५ च्या पुरात भिजून गेलं.

हेडवर फडकं टाकलं, झाकण लावलं. आधी पुस्तक, मग पाना.

१२ जून, बुधवार

पुस्तक मागायचं तर आधी इंजिनचं नाव नक्की हवं. दुकानदार "जीपचं पुस्तक" म्हटलं की काहीही देतो. म्हणून आज इंजिनकडे कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

अमेरिकेतल्या विलीज या जीप कंपनीच्या चार सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनाच्या दोन पिढ्या आहेत आणि दोन्ही १३४ घन इंचांच्या, म्हणजे २,१९९ सीसीच्या. बोअर सव्वातीन इंचाला एक सूत (इंचाचा आठवा भाग) कमी, स्ट्रोक ४ इंच ३ सूत, दोन्हींत तेच. पहिली पिढी महायुद्धातल्या जीपची, तिला 'गो डेव्हिल' म्हणत, ६० हॉर्सपॉवर. तिच्यात इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही वॉल्व ब्लॉकमध्ये, हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण. दुसरी पिढी १९५० पासूनची 'हरिकेन'. एक्झॉस्ट ब्लॉकमध्येच राहिला, इनटेक मोठा होऊन वर हेडमध्ये गेला, पुशरॉड आणि रॉकर आले. ताकद ७२-७५ हॉर्सपॉवरवर गेली आणि इंजिन उंच झालं. सीजे-३बी जीपचं बॉनेट उंच दिसतं ते याच्यामुळेच. पहिल्या रचनेला एल-हेड म्हणतात, दुसऱ्या रचनेला एफ-हेड.

आपलं इंजिन एफ-हेड. रॉकर कव्हर आहे, म्हणजे प्रश्नच नाही. नंबर ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पाण्याच्या पंपाजवळच्या उंचवट्यावर सापडला. रॉकेलनं पुसून, खडूची भुकटी घासून वाचला आणि वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला.

१६ जून, रविवार

पुण्याला भाचीकडे जायचं होतंच, सकाळी जुन्या बाजारात गेलो. पान्यांच्या ढिगांमागे पुस्तकांचा एक ताडपत्रीवाला बसतो. त्याच्याकडे टीएम ९-१८०३ए मिळालं, अमेरिकन सैन्याचं १९४४ सालचं पुस्तक, नंतर कधीतरी पुन्हा छापलेलं. विषय अचूक: पाव टनी ट्रकचं इंजिन आणि क्लच. (अमेरिकन सैन्याच्या कागदांत जीप कधी जीप नव्हतीच, तिचं नाव 'ट्रक, पाव टन, फोर बाय फोर'.) पहिली काही पानं नाहीत, बाकी चांगलं.

चारशे मागितले, अडीचशेला घेतलं. एसटीत बसल्या बसल्या वाचायला लागलो. असं स्वच्छ लिहिलेलं पुस्तक मी क्वचितच पाहिलंय. प्रत्येक कृती वेगळ्या परिच्छेदात, प्रत्येक भागाचा फोटो, कुठलं हत्यार ते आधी सांगितलेलं. अठरा-वीस वर्षांच्या, कधी इंजिन न पाहिलेल्या पोराला समजावं म्हणून लिहिलेलं आहे, आणि समजतं.

१८ जून, मंगळवार

पुस्तक उत्तम आहे आणि आपल्या इंजिनचं नाही.

हे मला घेतानाच कळायला हवं होतं, कारण १९४४ आणि १९५० ही दोन सालं माझ्याच वहीत लिहिलेली आहेत. तरी दोन संध्याकाळी पूर्ण वाचलं. त्यातलं हेड सपाट, सगळे नट वरून दिसणारे. रॉकरचा शब्द नाही. टायमिंगला साखळी दाखवली आहे, आपल्या इंजिनात गिअर आहेत.

सर्वांत धोक्याची गोष्ट टॅपेटची, म्हणजे वॉल्व आणि त्याला ढकलणाऱ्या भागामधल्या गॅपची. तिथं दोन्ही वॉल्वना १४ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दिलेत. हा आकडा कुणी एफ-हेडला लावला तर इंजिन चालू होईल, आवाजही गोड येईल, कारण गॅप कमी असला की टॅपेट वाजत नाही. पण तापल्यावर एक्झॉस्ट वॉल्वची दांडी लांबते. गॅप पुरेसा नसेल तर वॉल्व सीटवर पूर्ण टेकत नाही. वॉल्वची उष्णता सीटमधूनच ब्लॉकच्या पाण्यात जात असते, ती वाट तुटली की वॉल्वची कड जळते. चुकीच्या पुस्तकानं बांधलेलं इंजिन पहिल्या दिवशी बिघडत नाही, म्हणून ते जास्त वाईट.

खालचा अर्धा भाग, क्रँक, मेन बेअरिंग, कनेक्टिंग रॉड, हे दोन्ही पिढ्यांत बरंचसं सारखं आहे. पुढे कधी चेंबर खोललं तर क्रँक मोजायची पद्धत शिकायला हे पुस्तक कामाला येईल. तोवर फळीवर.

२३ जून, रविवार

आठवडाभरात आणखी तीन पुस्तकं हाताखालून गेली.

एक जाडजूड, अमेरिकन ट्रकांच्या पंधरा-वीस वर्षांच्या सगळ्या मॉडेलांचं एकत्र, शाहूपुरीतल्या एका जुन्या गॅरेजमधून दोन दिवसांसाठी मागून आणलेलं. आपल्या इंजिनला तक्त्यात एक ओळ आणि अर्धं पान मजकूर. आकडे बरोबर असतीलही, पण कृती नाही. ज्याला इंजिन आधीच पाठ आहे त्याला आकडा आठवून द्यायला हे पुस्तक आहे.

दुसरं स्पेअर पार्टच्या दुकानातलं पार्ट कॅटलॉग. दुकानदारानं काउंटरवरच बघू दिलं. सुट्या भागांची फोडून मांडलेली चित्रं असतात, कुठला वॉशर कुठल्या बोल्टवर ते एका नजरेत कळतं. हेडच्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतला. चित्रात हेडच्या वर, कार्बोरेटरच्या खाली, एक बोल्ट वेगळा काढलेला दिसतोय. छपाई इतकी पुसट आहे की तो कार्बोरेटरचा आहे की हेडचा, समजत नाही. कॅटलॉगमध्ये किती ताणायचं, काय क्रमानं सोडायचं, यातलं काहीच नसतं.

तिसरं अमेरिकन सैन्याचंच, पण एम-३८ए१ जीपचं, पन्नासच्या दशकातलं. स्कॅन केलेली प्रत. तिच्यात एफ-हेडच आहे! कुठला भाग किती झिजला तर टाकायचा याचे तक्ते आहेत, ते फार मोलाचे, कारण नव्या भागाचं माप सगळेच देतात, झिजेची हद्द कमी पुस्तकं देतात. अडचणी दोन. ती गाडी २४ व्होल्टची आणि पाण्यात चालावी म्हणून बंदिस्त केलेली, त्यामुळे डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा भाग), प्लग, डायनामो ही प्रकरणं आपल्याला बाद. दुसरी अडचण स्कॅनची. टॅपेटच्या तक्त्यात ०.०१ च्या पुढचा आकडा ६ आहे की ८ की ० हे भिंग लावूनही ठरेना. हेडच्या प्रकरणाची दोन पानं तर काळीच आलीत. एका अंकानं वॉल्व जळतो, तिथं अंदाज चालत नाही.

२६ जून, बुधवार

इतक्या धावपळीनंतर एक पद्धत हाती आली, ती लिहून ठेवतो. पुस्तक चाळायचं नाही, त्याला प्रश्न विचारायचे. माझ्या इंजिनची मला पक्की माहीत असलेली एक गोष्ट आणि अडलेल्या दोन-तीन गोष्टी घ्यायच्या आणि अनुक्रमणिका उघडून उत्तर शोधायचं. माहीत असलेली गोष्ट: इनटेक वर, एक्झॉस्ट खाली. हे चित्रात नसेल तर पुस्तक तिथंच मिटायचं. अडलेल्या गोष्टी: हेड का उठत नाही, बोल्ट किती जोरानं (फूट-पौंडांत) ताणायचे आणि कुठल्या क्रमानं, टॅपेट थंड इंजिनवर की गरम. शेवटचं फार लोक बघत नाहीत. नुसता गॅप दिला आणि थंड-गरम लिहिलं नाही, तर तो आकडा अर्धाच आहे.

मापांचंही बघायचं. अमेरिकन पुस्तकातला क्वार्ट आणि गॅलन ब्रिटिश मापापेक्षा लहान. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटर, ब्रिटिश ४.५४६. आपल्याकडची जुनी माणसं गॅलन म्हणतात तो ब्रिटिश. ऑइल भरताना हा फरक नडतो.

३० जून, रविवार

सापडला!

बेळगावला आमच्या पाहुण्यांच्या ओळखीचे एक जण सीजे-३बी बाळगून आहेत. त्यांच्याकडे कंपनीचं सर्व्हिस मॅन्युअल आहे म्हणून कळलं होतं. सकाळच्या गाडीनं गेलो. एसएम-१०४६, 'जीप युनिव्हर्सल' मालिकेचं, कायझर जीपनं काढलेलं. त्यांच्याकडची प्रत नंतरची छापील, पण अक्षर स्पष्ट.

त्यांनी चहा ठेवेपर्यंत मी हेडचं प्रकरण उघडलं. हेड काढण्याच्या कृतीत एक ओळ आहे: कार्बोरेटर बसतो त्याच्या खाली, इनटेकच्या तोंडाच्या आत एक हेड बोल्ट आहे, तो विसरू नका.

मी ती ओळ तीनदा वाचली. आपण कार्बोरेटर काढलाच नव्हता. त्याच्याखाली, पेट्रोलच्या वाटेत, तो बोल्ट हेडला धरून बसलाय. पहार घातली असती तर हेड त्या एका बोल्टाभोवती तडकलं असतं. कॅटलॉगच्या चित्रातला पुसट बोल्ट तोच.

बाकीचे प्रश्नही विचारले. हेड बोल्ट ६० ते ७० फूट-पौंड, क्रमाचं चित्र सोबत. टॅपेट थंड इंजिनवर, इनटेक १८ थाऊ, एक्झॉस्ट १६. फायरिंग १-३-४-२. डेल्कोचा पॉइंट २० थाऊ, प्लग ३०. इंजिन नंबरच्या शेवटी अक्षर असेल तर त्याचा अर्थही दिलाय, ए म्हणजे बेअरिंग दहा थाऊ अंडरसाइज, बी म्हणजे पिस्टन दहा थाऊ ओव्हरसाइज. आपल्या नंबराला अक्षर नाही.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. प्रत्येक माप इंचात आणि शेजारी चौकटी कंसात मेट्रिकमध्ये आहे. ६० ते ७० फूट-पौंडांपुढे ८,३ ते ९,७ किलोग्रॅम-मीटर. दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम आहे, तेवढं सांभाळून वाचायचं. पण यामुळे प्रत्येक आकड्याला साक्षीदार मिळतो. इंचाचा अंक पुसट असेल तर मिलिमीटरवरून ताळा लागतो.

या पुस्तकात आपली गाडी नाही, आपलं इंजिन आहे. एफसीची केबिन, थ्रॉटलच्या दांड्या, रेडिएटर वेगळं, त्यासाठी फॉरवर्ड कंट्रोलचं स्वतंत्र मॅन्युअल कधीतरी मिळवायचं आहे. ते मिळालं तरी एक काळजी घ्यावी लागेल. त्या मालिकेत एफसी-१७० ही मोठी गाडीही येते आणि तिचं इंजिन सहा सिलिंडरचं, २२६ घन इंचांचं. रकाना चुकला तर आकडा दुसऱ्याच इंजिनचा. आजच्या कामाला एसएम-१०४६ पुरेसं आहे. त्यांनी पुस्तक महिनाभर नेऊ दिलं. मी नवी प्रत मागवली आहे.

७ जुलै, रविवार

कार्बोरेटर काढला. आत बॅटरी मारली. काजळी आणि जुन्या पेट्रोलच्या राळेत बुडालेलं बोल्टाचं डोकं. मामांनी वाकून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, काही बोलले नाहीत. रात्रभर गंजाचं तेल सोडलं होतं, लांब एक्स्टेन्शनवर गोटी पाना लावला. एक 'कट्ट' आणि सुटला.

हेड दोघांनी हातानं उचललं.

ग्यासकिट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे बोटभर जळालेलं. चौथ्याचा एक्झॉस्ट वॉल्व कडेला पांढरा पडलाय, बाकीचे बरे. हेडवर पट्टी ठेवून खाली फिलर (फट मोजायचं पातळ पातं) घातला, मधोमध ६ थाऊ शिरतोय. उद्यमनगरात फेसिंगला (घासून सपाट करायला) देणार, कमीत कमी माल काढायचा असं सांगून.

१४ जुलै, रविवार

फेसिंग झालं, वॉल्व बारीक पेस्टनं हातानं बसवले, चौथ्याला नवा टाकला. ग्यासकिट मुंबईहून आलं.

बांधताना पुस्तक सीटवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत, हेडचं पान वर. आतला बोल्ट सर्वांत आधी हातानं लावला. टॉर्क तीन फेऱ्यांत, मधून बाहेर: ३०, ५०, ६५. मामांनी आजवर पाना हाताच्या अंदाजानंच ओढलाय, त्यांनी टॉर्क रेंच स्वतः मागून घेतला.

टॅपेटवरून मात्र वाद झाला. मी इनटेक १८, एक्झॉस्ट १६ म्हणालो आणि मामांनी फिलर खाली ठेवला. "उलटं हाय दादा. एक्झॉस्ट तापतंय जास्त, त्येला गॅप जास्त लागतोय. छापणाऱ्यानं चूक केलीया."

त्यांचं म्हणणं चुकीच्या अनुभवातून आलेलं नाही. त्यांनी बांधलेल्या बहुतेक इंजिनांत तसंच असतं. म्हणून मी पुस्तक त्यांच्यापुढे रेटलं नाही, ताळा केला. कंसातलं मेट्रिक: इनटेक ०.४५७ मिलिमीटर, म्हणजे १८ थाऊच. एक्झॉस्ट ०.४०६, म्हणजे १६. छापताना इंचाचे आकडे उलटले असते तर मिलिमीटरचेही तसेच उलटायला हवे होते. मग एम-३८ए१ चं स्कॅन काढलं. तिथला पुसट अंक आता काय असू शकतो हे माहीत असल्यामुळे वाचता आला: वरचा ८, खालचा ६. दोन वेगळ्या कचेऱ्यांनी लिहिलेली दोन पुस्तकं एकच सांगतात. शिवाय इथं दोन वॉल्व एका पद्धतीनं चालतच नाहीत. इनटेक पुशरॉड-रॉकरवरून, एक्झॉस्ट खालून सरळ टॅपेटवर. दोन्ही वॉल्व वर असलेल्या इंजिनचा नियम याला लागू करता येत नाही.

मामा दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "लावा तर मग. दोन पुस्तकं म्हणत्यात तर आसंल." एक्झॉस्टचे चारही टॅपेट त्यांनीच लावले. बाजूच्या झाकणातून वाकडा हात घालून, न बघता, नुसत्या फिलरच्या ओढीवर. मी नंतर मोजले. चारही बरोबर होते. हे कुठल्याही पुस्तकातून येत नाही.

२१ जुलै, रविवार

काल संध्याकाळी चालू केली. तिसऱ्या सेल्फला उचललं. वीस मिनिटं चालवून रेडिएटरचं पाणी बघितलं, बुडबुडा नाही.

ग्यासकिट एकदा तापून दबलं की बोल्ट परत ताणायचे. पूर्ण थंड होऊ दिली, आज सकाळी बसलो. वरचे बोल्ट ताणून मोकळं होता येत नाही, आतल्यासाठी कार्बोरेटर परत काढावा लागतो. मामा म्हणाले, काढूच. वरच्यांपैकी दोन जरासे फिरले, बाकीचे जागेवरच ६५ ला टकटकले. आतला मात्र चांगला पावपट फिरला. कार्बोरेटरखाली नवं ग्यासकिट घालून बसवलं, टॅपेट पुन्हा मोजले, पहिल्याचा इनटेक १६ वर आला होता, १८ केला.

कॉम्प्रेशन: ११८, ११६, ११५, ११८. पुस्तकात १२० ते १३० आहे. छपन्न वर्षांच्या बोअरला हे मला मान्य आहे.

माझी प्रत परवा आली. बेळगावचं पुस्तक उद्या परत पाठवतोय. आधी त्यातल्या हेडच्या पानाशी माझं पान ओळीनं ताडून घेतलं. आतल्या बोल्टाच्या ओळीखाली पेन्सिलनं रेघ मारली, आणि समासात मामांनी सांगितल्याप्रमाणे लिहिलं: 'तापून गार झाल्यावर हा पण ताणायचा.'